गोठ्यातलं ज्ञान कुणाच्या नावावर?



धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जाऊन चावडीवर विचारा, "इथं जनावरांचं झाडपाल्याचं औषध कोणाला कळतं?" उत्तरात हमखास एका पुरुषाचं नाव येतं. कुणी म्हातारा धनगर, कुणी वैदू, कुणी हाड बसवणारे आबा. आता तोच प्रश्न घराच्या उंबऱ्याशी वेगळ्या शब्दांत विचारा. "शेळीला ढाळ लागली, करडाचं पोट फुगलं, गाईची कास सुजली, तर पहिलं औषध कोण करतं?" आता नाव येतं ते बाईचं. आणि ती बाई स्वतः काय म्हणते? "आमाला काय येतंय ताई, म्हातारी करायची तसं करताव."

या दोन उत्तरांमधल्या अंतराबद्दल हे संपादकीय आहे. गेली काही वर्षं तुळजापूर, लोहारा, उमरगा भागात बचत गटांच्या बैठकांसाठी मी फिरते आहे. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला 'स्थानिक ज्ञान' हा शब्द शिकवला होता. पण हे ज्ञान ज्या व्यक्तीच्या डोक्यात आणि हातात असतं, तिला ते ज्ञान आहे असंच वाटत नाही, ही गोष्ट पुस्तकात नव्हती. रांधणं जसं काम नाही, पाणी भरणं जसं काम नाही, तसंच दुखणाईत जनावराची सेवा हेही काम नाही. मग ते करताना लागणारी अक्कल कुठून मोजली जाणार?

आधी या जिल्ह्यातल्या शेळीबद्दल. २०२३ साली जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं, पण शेळी मात्र जगभर उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. बहुतेक काळीभोर, उंच, लांब कानांची, बालाघाटाच्या माळावर मिळेल तो पाला खाऊन तगणारी, एका वेताला दोन करडं सहज देणारी. दुष्काळात गाई-बैल आधी बाजारात जातात, शेळी शेवटपर्यंत दारात राहते. भूमिहीन बाईची, एकट्या बाईची, नवऱ्याने टाकलेल्या बाईची ती एकमेव मालमत्ता असते. 'शेळी ही गरिबाची गाय' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्यातला 'गरीब' बहुतेक वेळा बाई असते, एवढंच आपण त्यात घालायला हवं. तिला चारणं, पाजणं, तिचं बाळंतपण, करडाला सडाला लावणं, लेंड्या काढणं, हे सगळं बाईकडे. बोकड विकायला बाजारात कोण नेतं, पैसे कोणाच्या खिशात जातात, हे मी वेगळं सांगायला नको.

दिवसभर जनावराच्या सहवासात असल्यामुळेच बाईला रोग आधी कळतो. रवंथ थांबली, कान पडले, लेंडी चिकट झाली, शेळी कळपाच्या मागे रेंगाळली, ही लक्षणं डॉक्टर येण्याच्या कितीतरी आधी तिने टिपलेली असतात. निदानाची ही पहिली पायरी आहे. त्यापुढे उपचार. बैठकांमधून बायकांनी सांगितलेल्या यादीतल्या काही गोष्टी इथे देते. ढाळ लागली तर बाभळीच्या सालीचा काढा किंवा डाळिंबाची साल. जंतांवर पळसपापडी. खरुज आणि गोचिडांना कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी आणि करंजाचं तेल. जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून. मुका मार लागून सूज आली तर निर्गुडीचा शेक. हाड मोडलं तर कांडवेल वाटून लावायची आणि वरून बांबूच्या कामट्या बांधायच्या. दूध आटलं तर शतावरी. पोट फुगलं तर ओवा, हिंग आणि गोडं तेल.

यातलं सगळंच अंधारातलं चाचपडणं नाही. बाभळीच्या आणि डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं, ते आतड्याला आवळून धरतं. हिरवा कोवळा चारा जास्त खाऊन पोट फुगतं तेव्हा पोटात फेस होतो आणि वायू त्यात अडकून राहतो. तेलाने तो फेस फुटतो. पशुवैद्यकही अशा वेळी फेस मोडणारं औषधच देतात. बाईने फेसाचा सिद्धांत वाचलेला नसतो, पण तेल पाजल्यावर ढेकर येतो हे तिच्या सासूने आणि सासूच्या सासूने पाहिलेलं असतं. निरीक्षण करायचं, पुन्हा करून बघायचं, जमलं ते ठेवायचं, नाही ते टाकायचं, ही रीत प्रयोगशाळेच्या बाहेरही चालते.

आणखी एक भाग आहे, तो तर औषधांच्या यादीत कधीच येत नाही. काय खाऊ घालायचं नाही, हे ज्ञान. पावसाने ताण दिला की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं. अशा रानात जनावर शिरलं तर तासाभरात आडवं होतं. ज्वारीच्या या मुलखात कोणत्या दिवसांत कोणत्या रानाकडे शेळ्या वळवायच्या नाहीत, हे चारणाऱ्या पोरीबाळींना ठाऊक असतं. घाणेरीची झुडपं, कण्हेर, धोत्रा यांपासून कळप दूर ठेवायचा, सीताफळाचं बी वाटताना हात डोळ्याला लावायचा नाही, नाहीतर डोळा जाईल, हेही त्यातलंच. जनावर आजारीच पडलं नाही, तर त्याचं श्रेय कोणाला द्यायचं? टळलेल्या मरणाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

हेच ज्ञान बाहेरच्या माणसांच्या हातात गेलं की त्याला एकदम किंमत येते. कासदाहाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे त्याला दगडी म्हणतात. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून कासेला दिवसातून अनेक वेळा लेप द्यायचा, असा उपाय तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकपरंपरेतून घेऊन प्रमाणबद्ध केला आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तो देशभरच्या दूध संघांपर्यंत पोहोचवला. उद्देश चांगला आहे. प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरतो, वारेमाप वापराने ती औषधं निकामी होत जातात, म्हणून जिथे झाडपाला पुरेसा आहे तिथे तो वापरावा हे योग्यच. आमच्या बायकांना मात्र या पत्रकाचं हसू आलं. "हळद-कोरफड तर आमीबी लावताव की," एक जण म्हणाली. पत्रक घेऊन आलेल्या साहेबांनी ते ऐकलं, पण लिहून घेतलं नाही.

आता जरा लांबचं बघू. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कडुनिंबापासूनच्या बुरशीनाशकाचं पेटंट युरोपात १९९४ साली एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळालं होतं. त्याविरुद्ध उभ्या राहिल्या तीन बायका: वंदना शिवा, मागदा आलव्हूत आणि लिंडा बुलार्ड. २००० साली पेटंट रद्द झालं, अपील झालं, आणि तेही २००५ च्या ८ मार्चला फेटाळलं गेलं. महिला दिनाचा असा अर्थपूर्ण योग क्वचितच येतो. या लढायांचा अभिमान आपल्याला आहेच. पण हळदीची लढाई जिंकताना पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि छापील लेख कामी आले, हे लक्षात ठेवायला हवं. जे लिहिलेलं आहे ते पुरावा ठरतं. लोहाऱ्याच्या बाईच्या जिभेवर जे आहे ते ठरत नाही.

आपल्या कायद्यातही हीच फट आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. २००४ च्या नियमांत समितीत किमान एकतृतीयांश महिला हव्यात असंही लिहिलं. कागद चांगला होता. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि जागोजागी धावपळ उडाली. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत झाडांची नावं आहेत, उपयोग आहेत, पण 'माहिती देणाऱ्याचे नाव' या रकान्यात ओळीने पुरुष आहेत. एका गावात तर समितीतल्या महिला सदस्याला आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. सही तेवढी तिची होती.

२०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे जे ज्ञान पुरुषांनी ग्रंथात लिहिलं ते वापरायला मोकळं, आणि जे बायकांच्या तोंडी राहिलं त्याच्या वाट्याचा हक्क कागदावर शाबूत. ऐकायला बरं वाटतं. पण हळद, कोरफड, शतावरी ग्रंथातही आहेत आणि गोठ्यातही आहेत. उद्या एखाद्या कंपनीने 'हे तर ग्रंथातलंच' म्हटलं, तर 'नाही, हे प्रमाण, ही वाटण्याची पद्धत आमच्या गावातल्या बायकांची' असं कोण आणि कशाच्या आधारे सांगणार? म्हणून नोंदवहीतलं नाव ही मानपानाची बाब नाही. ती हक्काची बाब आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आम्ही 'जुनं ते सोनं' म्हणतो आहोत. तसं अजिबात नाही. पीपीआर हा शेळ्यांचा विषाणूचा रोग गावात शिरला की कळपच्या कळप संपतो. त्यावर कोणताही पाला नाही, लस आहे. आंत्रविषार, घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांचंही तसंच. डाग देण्याने काहीही बरं होत नाही, जनावराचे हाल मात्र होतात. काढा घाईने नळकांड्यातून ओतला तर तो फुप्फुसात जाऊन करडू दगावतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर तिथे झाडपाल्याला जागाच नाही. परंपरा आपली आहे म्हणून तिच्यातलं चुकीचंही जपायचं, हे आपण सतीपासून हुंड्यापर्यंत कुठेच मान्य केलं नाही. गोठ्यातही करायचं कारण नाही.

उलट, बाईच्या कामाकडे नीट पाहिलं तर औषधापेक्षा मोठा एक धोका दिसतो. गाभडलेल्या शेळीची वार कोण काढतं? अडलेलं करडू कोण ओढतं? बाईच, आणि तेही उघड्या हातांनी. शेळ्यांमध्ये ब्रुसेल्लाच्या जंतूंमुळे गर्भ पडतो. हे जंतू वारेतून, स्रावातून आणि कच्च्या दुधातून माणसाकडे येतात, आणि शेळ्या-मेंढ्यांतला प्रकार माणसासाठी सगळ्यांत त्रासदायक मानला जातो. महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, गळून जाणं, गरोदर बाईला गर्भपाताचा धोका. 'बाईला कायमच काही ना काही दुखतं' म्हणून या तक्रारी निकालात निघतात. दवाखान्यात तिला गोळ्या मिळतात, पण 'तुमच्याकडे शेळी गाभडली होती का' हा प्रश्न मिळत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेल्लाची लस आखली गेली ती गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. गरिबाची गाय त्यात नव्हती. तेव्हा हातमोजे, साबण, वार चुना टाकून खोल पुरणं, दूध उकळून पिणं, आणि लांबलेल्या तापात रक्ताची तपासणी मागून घेणं, हे आपल्या प्रत्येक गटात बोललं गेलंच पाहिजे. हा पशुसंवर्धनाचा विषय आहे तितकाच बाईच्या आरोग्याचाही आहे.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते. जिला औषध कळतं, तिला करणीही कळत असणार, असा संशय. एकट्या राहणाऱ्या, झाडपाला जाणणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे गाव रात्री औषधाला येतं, आणि शेजारची म्हैस अचानक आटली की सकाळी तिच्याकडेच बोट दाखवतं. पुरुष वैदू जाणकार, बाई वैदू चेटकीण. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याचा आधार अशा बाईला मिळाला पाहिजे. पण कायद्याआधी संशयाची जागा मोकळी करावी लागेल. ज्ञान लपून राहिलं की संशय वाढतो. तेच ज्ञान चारचौघीत बसून बोललं, फळ्यावर लिहिलं, की त्यातलं गूढ निघून जातं आणि बाई सुरक्षित होते. म्हणूनही बायकांचं हे ज्ञान उघड झालं पाहिजे.

आणि झाडंच राहिली नाहीत तर? गायरानं अतिक्रमणात आणि प्रकल्पांत जाताहेत. सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशकाने बांध धुऊन निघतात. तणनाशकाला 'तण' आणि 'औषध' यांतला फरक कळत नाही. रस्ता रुंद करताना जुने कडुनिंब आडवे होतात. पूर्वी हाताशी असलेल्या पाल्यासाठी बायकांना आता कोस-दोन कोस चालावं लागतं. येडशी-रामलिंगसारखं जंगल अभयारण्य म्हणून राखलं गेलं ही चांगली गोष्ट, पण सरपणाच्या मोळीसाठी जशी बाई गुन्हेगार ठरते तशी औषधाच्या मुळीसाठी ठरू नये. ज्ञान जपायचं तर बांध आणि गायरान जपावं लागेल. बांध सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावावर आहे, हे ओघाने आलंच.

मार्ग नाहीत असं नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर याच जिल्ह्यात घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांना संवादसहायक म्हणून जबाबदारी दिली गेली. कोनाड्यात बसणाऱ्या बायका भिंतीला बांध कसा घालायचा ते गावाला समजावू लागल्या. गवंडीकामाचं तंत्र जर बायका शिकू आणि शिकवू शकल्या, तर जे त्यांना आधीच येतं ते का नाही? 'अंत्र' ही संस्था महिला पशुवैद्यकांनी उभी केली, आणि १९९० च्या दशकापासून त्यांनी महाराष्ट्रात आणि आंध्रात पशुपालक बायकांबरोबर बसून त्यांचे उपचार नोंदवले, तपासले आणि गावातल्याच बायकांना पशुआरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. आज उमेदच्या पशुसखी आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'ए-हेल्प' नावाने याच धर्तीवर कार्यक्रम सुरू केला.

पण इथेही जुनं दुखणं आहेच. पशुसखीला मानधन तुटपुंजं आणि अनियमित, काम मात्र लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत. आशाताई, अंगणवाडीताई आणि आता पशुसखी: बाईच्या कामाला 'सेवा' म्हटलं की पगार वाचतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. नियम हवाच, चुकीच्या हातातली सुई घातक असते. पण ज्या गावाला दवाखाना पंधरा किलोमीटरवर आहे, तिथे प्राथमिक उपचाराचं नेमकं कोणतं काम पशुसखीने करायचं आणि त्यात तिला संरक्षण काय, हे स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नाहीतर जनावर वाचलं तर डॉक्टरांचं नाव आणि मेलं तर पशुसखीचं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं वाचन महिला ग्रामसभेत व्हावं, आणि माहिती देणाऱ्या बायकांची नावं त्यांच्या संमतीने त्यात घालावीत. लसीकरणाची वेळ शेळ्या माळावरून परतल्यावरची ठेवावी. दुपारी बाराला आलेल्या गाडीला गोठ्यात फक्त म्हातारी आणि खुंटी सापडते. पशुसखीला ठरलेलं, वेळेवर मानधन मिळावं. शेळीगटाच्या योजना, विमा आणि जनावर दगावल्यावरची भरपाई ते सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर आणि तिच्या खात्यावर जावी. गायरानाचा एक तुकडा गटाने औषधी झाडांसाठी मागितला तर तो मिळावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जनावरांच्या दवाखान्यात एकमेकांना विचारायची पद्धत पडावी.

यातलं एक काम मात्र सरकारची वाट न पाहता आपण करू शकतो. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. प्रत्येकीला विचारा: तुझ्या जनावराला काय झालं होतं, तू काय दिलंस, किती दिलंस, कोणाकडून शिकलीस, गुण आला का, नाही आला का. 'आमाला काय येतंय' असं म्हणून ती उठू लागली तर तिला बसवा. गुण न आलेलंही लिहा, कारण तेही ज्ञानच आहे. वरती बाईचं पूर्ण नाव घाला, 'अमक्याची बायको' नको. त्या वहीची एक प्रत गावातच ठेवा, ती बाहेरच्या कुणाला द्यायची की नाही ते गटाने ठरवावं. आम्हाला औषधं कळवली नाहीत तरी चालेल. तुमच्या गावात किती नावं निघाली, एवढं मात्र नक्की कळवा. पुढच्या अंकात आम्ही तो आकडा गावाच्या नावासह छापू.